पेल्व्हिसची दुखापत: खात्रीची वाट पाहू नये

मोठ्या अपघातात मांडीचे हाड मोडले तर पाय वाकडा दिसतो, डोक्याला मार लागला तर रुग्णाची शुद्ध हरपलेली दिसते, छातीला मार लागला तर धाप नजरेत भरते. पेल्व्हिसची, म्हणजे कमरेखाली ओटीपोटाला वेढून असलेल्या हाडांच्या कड्याची, मोडतोड झाली असेल तर मात्र बाहेरून अनेकदा काहीच दिसत नाही. कातडी शाबूत असते, पोट मऊ लागते, रुग्ण प्रश्नांना उत्तरेही देत असतो, आणि आत रक्त साचत असते. ही दुखापत रुग्णालयात पोचण्यापूर्वी कोणी ओळखायची, कशाच्या आधारावर ओळखायची आणि ओळखता आली नाही तर काय करायचे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ वैद्यकीय वाटतो. प्रत्यक्षात तो रुग्णवाहिकांच्या नियमावलीचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न आहे, आणि रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांच्या कोणत्या चुका आपण चालवून घेणार व कोणत्या नाही, हे ठरवण्याचाही आहे. माझे म्हणणे असे की, घटनास्थळी या दुखापतीचे पक्के निदान व्हावे ही अपेक्षाच सोडून द्यावी. अपघात कसा झाला आणि रुग्णाची अवस्था काय आहे, एवढ्यावरून संशय घ्यावा आणि त्या संशयावरच उपचार सुरू करावेत, असे नियमातच लिहिलेले असावे.

हे कडे तीन मोठ्या भागांचे बनलेले असते. दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडे, मागे पाठीच्या कण्याच्या टोकाशी त्रिकास्थी, आणि पुढे जांघेच्या मध्यभागी या दोन रुंद हाडांना जोडणारा कूर्चेचा सांधा. मागची बाजू अतिशय चिवट अस्थिबंधांनी बांधलेली असल्यामुळे कडे तुटायला प्रचंड जोर लागतो, आणि एका जागी तुटले की ते सहसा दुसऱ्या जागीही तुटते किंवा उसवते. त्रिकास्थीच्या पुढ्यात शिरांचे दाट जाळे असते. बहुतेक रुग्णांमध्ये रक्त वाहते ते या शिरांतून आणि हाडांच्या तुटलेल्या पृष्ठभागांतून. धमनी फाटलेले रुग्ण संख्येने कमी असतात, पण तेच सर्वांत लवकर दगावतात. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते, आणि कडे उसवल्यावर पोटाच्या पडद्यामागच्या मोकळ्या जागेत त्यातले कित्येक लिटर, बाहेर एक थेंबही न येता, मावू शकते. तरुण, धडधाकट माणसाचा रक्तदाब जवळजवळ तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत बऱ्यापैकी टिकून राहतो. त्यामुळे रक्तदाबाचा चांगला आकडा पाहून निर्धास्त होणे हे या दुखापतीच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे.

अशा रुग्णाची तपासणी कशी करायची, याची एक जुनी रीत आहे. कमरेच्या दोन्ही हाडांवर तळहात ठेवायचे, ती आतल्या बाजूला दाबायची, मग बाहेरच्या बाजूला ताणायची, आणि कडे हलते का, किंवा काही करकरते का, ते पाहायचे. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कित्येक पिढ्यांच्या ही तपासणी अंगवळणी पडली आहे. तिचे मोजमाप मात्र फार पूर्वीच झाले होते. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तपासणीने पेल्व्हिसच्या शंभर अस्थिभंगांपैकी जेमतेम 59 पकडले होते, आणि अस्थिभंग नसलेल्या शंभरांपैकी 29 जणांच्या बाबतीत तो आहे असे खोटेच सुचवले होते. म्हणजे एवढी दाबादाबी करून अस्थिभंग झालेल्या दहांतल्या चार जखमींच्या बाबतीत कर्मचारी चुकीच्या समाधानाने पुढे जातो.

ही तपासणी नुसती कमकुवत असती, तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. ती घातक आहे. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत शरीर स्वतःच तुटलेल्या शिरांवर गुठळी धरते. ही पहिली गुठळी सर्वांत मजबूत असते, कारण ती शरीरातले गोठणद्रव्य अजून खर्ची पडलेले नसताना, रक्त पातळ झालेले नसताना आणि अंग गार पडलेले नसताना तयार झालेली असते. उसवलेले कडे उघडझाप केले की ती निखळते. तिच्या जागी धरणारी दुसरी गुठळी तितकी चिवट नसते, आणि तोवर आणखी रक्त गेलेले असते. ज्या कृतीतून फारशी माहिती मिळत नाही आणि जिच्यामुळे रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो, ती कृती शिकवण्याचे आता काहीही कारण उरलेले नाही. रुग्णाला कुशीवर पूर्ण वळवून पाठ तपासण्याच्या सवयीलाही हेच लागू आहे. दोन भागांत विलग होऊन दोन्ही बाजूंनी रुग्णाखाली सरकवता येणारे स्कूप स्ट्रेचर वापरले, तर रुग्णाला दहा-पंधरा अंशांहून अधिक कलते करावे लागत नाही, आणि तेवढे पुरेसे असते.

इथे कोणी असे म्हणेल की हाताने दाबायचे नसेल, तर मग तपासणीच करायची नाही का? करायची, आणि नीट करायची. शुद्धीवर असलेला, नशेत नसलेला आणि दुसऱ्या कुठल्या मोठ्या वेदनेने व्यापून न गेलेला रुग्ण असेल, तर साध्या विचारपुशीचे आणि निरीक्षणाचे मोल फार मोठे आहे. 2004 साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. बोथट मार लागलेल्या रुग्णांत वैद्यकीय तपासणीने सुमारे 90 टक्के अस्थिभंग पकडले, आणि अस्थिभंग नसलेल्यांपैकीही सुमारे 90 टक्के जणांना तो नाही असे बरोबर सांगितले, असे त्यात दिसले. म्हणून विचारावे: कमरेत, जांघेत, खुब्यात, पाठीच्या खालच्या टोकाशी दुखते का? पाहावे: एक पाय आखूड दिसतो का, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले आहे का, गुप्तांगाभोवती किंवा ओटीपोटाच्या बाजूला सूज वा काळेनिळे डाग आहेत का, मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त आहे का, जांघेत किंवा गुदद्वाराजवळ जखम आहे का? यातले एक जरी आढळले तरी संशय पक्का समजावा. एकही आढळले नाही, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

अडचण अशी की, या दुखापतीने जे दगावतात ते बहुधा या वर्णनात बसतच नाहीत. ते बेशुद्ध असतात, गोंधळलेले असतात, त्यांच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असते, किंवा मांडीचे हाड मोडल्यामुळे त्यांचे सगळे लक्ष त्या एकाच वेदनेकडे लागलेले असते. तपासणी सर्वांत विश्वासार्ह ठरते ती नेमकी अशा रुग्णांत, ज्यांना धोका सर्वांत कमी आहे. आणि ज्यांच्या जिवावर बेतलेले असते त्यांच्या बाबतीत ती आपल्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. अपघाताच्या जागी अंधार, गोंगाट, पाऊस, बघ्यांची गर्दी आणि अंगावर जाड कपडे असतात, हे सगळे त्यात आणखी मिळवावे. रुग्णालयात एक्स-रे आणि सीटी स्कॅन हाताशी असलेल्या डॉक्टरांनाही ज्या दुखापतीचा पत्ता लागायला कधीकधी उशीर होतो, ती घटनास्थळी गुडघ्यावर बसलेल्या कर्मचाऱ्याने दोन मिनिटांत हाताने शोधावी, आणि नाही सापडली तर त्याला निष्काळजी म्हणावे, हा निखळ अन्याय आहे.

त्या कर्मचाऱ्याजवळ मात्र एक अशी गोष्ट असते, जी नंतरच्या कोणाजवळही नसते. त्याने अपघाताची जागा पाहिलेली असते. शल्यचिकित्सकाला तुटलेले हाड दिसते. ते तोडणारा जोर कुठून आणि कसा आला, हे फक्त आधी पोचलेल्यालाच दिसते. मोटारसायकल समोरून धडकली की स्वार पुढे फेकला जातो आणि त्याच्या जांघा पेट्रोलच्या टाकीवर आपटतात. टाकी पाचरीसारखी आत शिरते, पुढचा सांधा फाकतो आणि दोन्ही बाजू बाहेर उघडतात. डॉक्टरांच्या भाषेत हे ‘उघडे पुस्तक’. या प्रकारात कड्याच्या आतली जागा वाढते आणि रक्त साचायला वाव मिळतो. टाकीवर पडलेला खोल पोचा हे म्हणूनच एक वैद्यकीय चिन्ह मानले पाहिजे. मोटारीला बाजूने धडक बसून दार आत घुसले असेल, किंवा पायी चालणाऱ्याला बाजूने गाडी लागली असेल, तर कडे आतल्या बाजूला चेपते. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसात एका बाजूचा अर्धा भाग वर सरकतो आणि मागचे अस्थिबंध तुटतात. हा सर्वांत अस्थिर प्रकारांपैकी एक. यंत्राखाली, भिंतीखाली किंवा वाहनाच्या चाकाखाली चिरडलेल्या माणसात हे सगळे जोर एकत्र येऊ शकतात. यंग आणि बर्जेस यांचे जे वर्गीकरण अस्थितज्ज्ञ आजही वापरतात, ते मुळात याच विचारावर उभे आहे: जोर कोणत्या दिशेने आला ते समजले, की काय तुटले असेल आणि किती रक्त जाईल याचा अंदाज बांधता येतो. हे वाचन शिकवता येते, त्याला उपकरण लागत नाही आणि त्याने रुग्णाला इजा होत नाही. प्रशिक्षणाचा जो वेळ आज हाडे दाबून पाहण्यात जातो, तो इथे खर्च व्हावा असे मला मनापासून वाटते.

नियम कसा असावा, याचे नमुने उपलब्ध आहेत. ब्रिटनमध्ये 2013 साली रुग्णालयपूर्व उपचारांतल्या तज्ज्ञांनी एक सहमतीचे निवेदन प्रसिद्ध केले. पेल्व्हिसला बांधायचा पट्टा हा रक्तस्राव थांबवण्याचा उपचार आहे, म्हणून तो लवकर लावावा, असा त्याचा रोख होता. तिथल्याच ‘नाइस’ या संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: मोठ्या जोराचा बोथट मार असून पेल्व्हिसमधून रक्तस्राव होत असल्याचा संशय असेल, तर त्यासाठीच बनवलेला पट्टा लावावा, आणि तो रुग्णाला बसत नसेल तरच कामचलाऊ बांधणीचा विचार करावा. अमेरिकेतल्या 2021 च्या रुग्णवर्गवारीच्या सूचनांत पेल्व्हिसच्या अस्थिभंगाचा नुसता संशयही रुग्णाला वरच्या दर्जाच्या ट्रॉमा सेंटरकडे नेण्यास पुरेसा धरला आहे. या सगळ्यांतून जो नियम निघतो तो कोणत्याही रुग्णवाहिकेत एका ओळीत लिहून चिकटवता येईल: अपघात मोठ्या जोराचा असेल आणि त्याच्या जोडीला कमरेभोवती वेदना, रक्त कमी पडल्याची लक्षणे, मंदावलेली शुद्ध किंवा लक्ष वेधून घेणारी दुसरी मोठी दुखापत यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर पट्टा बांधा.

अर्थात बांधा म्हणून सांगितले की काम झाले, असे नाही. पट्टा कुठे बांधायचा, यातच बहुतेकांचे चुकते. कमरपट्ट्याची जागा ही त्याची जागा नव्हे. मांडीच्या बाहेरच्या बाजूने हात वर सरकवत नेला की जिथे हाडाचा टणक उंचवटा लागतो, त्या दोन्ही उंचवट्यांवरून तो गेला पाहिजे. तिथून दाब दिला तरच तो खुब्यांच्या सांध्यांमार्फत कड्यावर पोचतो. 2011 साली लष्करी रुग्णांच्या 167 एक्स-रेंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पट्टा योग्य पातळीवर निम्म्याच रुग्णांत होता, आणि 39 टक्के रुग्णांत तो वर बांधलेला होता. वर बांधलेल्यांत फाकलेली हाडे कमी जवळ आली होती. या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण उत्तम होते, हे ध्यानात घेतले तर सराव किती करावा लागेल याची कल्पना येते. खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट आधी काढावे लागते, कारण नेमक्या त्याच जागी ते रुततात. शक्य असेल तर जाड कपडे कापून पट्टा त्वचेला लागून बांधावा, म्हणजे रुग्णालयात कपडे काढण्यासाठी तो सोडण्याची वेळ येत नाही. रुग्णाला उचलायचे नसते. गुडघ्यांखालच्या पोकळीतून पट्टा आत सारायचा आणि दोघांनी आळीपाळीने हलक्या हाताने ओढत तो वर न्यायचा. मग गुडघे एकमेकांना आणि पावले एकमेकांना बांधायची, म्हणजे बाहेर कलंडलेले पाय आत वळतात आणि कडे मिटायला मदत होते. हे सगळे सराव झालेली दोन माणसे दोनतीन मिनिटांत करू शकतात.

या भूमिकेवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला सर्वांत गंभीर आक्षेप पुराव्याचा आहे. पट्टा लावल्याने मृत्यू कमी होतात हे दाखवणारी मोठी, यादृच्छिक पद्धतीने केलेली चाचणी आज हाताशी नाही. निरीक्षणात्मक अभ्यास आहेत आणि ते एकमुखाने बोलत नाहीत. हा आक्षेप मी टाळणार नाही. परंतु पट्ट्याने उसवलेले कडे मिटते आणि हाडांची हालचाल थांबते, हे मृतदेहांवरच्या प्रयोगांत आणि एक्स-रेंत पाहिले गेले आहे. मोडलेले हाड स्थिर ठेवावे, हे तत्त्व हातापायाच्या बाबतीत आपण वेगळा पुरावा न मागता पाळतो. सर्वाधिक रक्तस्राव करणाऱ्या हाडाच्या बाबतीत मात्र अधिक कडक पुराव्यासाठी थांबावे, हे मला पटत नाही. दुसरा आक्षेप आतल्या बाजूला चेपलेल्या कड्याचा: ते आणखी आवळले तर नुकसान होईल, अशी भीती. म्हणूनच पट्टा करकचून आवळायचा नसतो. हाडे मूळ जागेच्या जवळ आणून तिथे स्थिर ठेवावीत, एवढाच ताण हवा. काही पट्ट्यांत ठरावीक ताणावर आपोआप थांबणारे बक्कल त्यासाठीच दिलेले असते. तिसरा आक्षेप त्वचेचा, आणि तो रास्त आहे. काही तास पट्टा तसाच राहिला तर उंचवट्यांवरची आणि पाठीमागची कातडी दाबली जाऊन जखमा होतात. त्यावर उपाय रुग्णालयाच्या हाती आहे: बांधल्याची वेळ नोंदलेली असावी आणि तपासणी लवकर उरकून पट्टा काढण्याचा निर्णय व्हावा. हा निर्णय घेताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. नीट बसलेला पट्टा फाकलेला सांधा इतका चांगला मिटवतो की एक्स-रेत तो निर्दोष दिसू शकतो. पट्टा बांधून काढलेल्या निर्दोष चित्रावर विसंबून रुग्णाला मोकळे केले, तर आधी केलेला योग्य उपचारच निदान झाकण्याचे कारण ठरतो. म्हणून शंका असेल तिथे पट्टा सैल केल्यावर पुन्हा एक्स-रे काढला पाहिजे.

मी वर मांडलेल्या नियमाला स्वतःचीच एक मर्यादा आहे, आणि ती वृद्धांच्या बाबतीत उघडी पडते. हाडे ठिसूळ झालेली व्यक्ती घरात चालता चालता कुशीवर पडली, तरी तिच्या पेल्व्हिसचा अस्थिभंग होऊ शकतो. ‘मोठ्या जोराचा अपघात’ ही अट तिला लागूच होत नाही. बहुतेक वेळा असे अस्थिभंग स्थिर असतात आणि त्यांना पट्ट्याची गरज नसते. पण कडक झालेली धमनी फाटली तर ती आकुंचन पावून बंद होत नाही. त्यात रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल तर रक्तस्राव थांबत नाही, आणि नाडीचा वेग मंदावणारी औषधे घेत असेल तर रक्त जात असूनही नाडी वेगाने चालत नाही, म्हणजे धोक्याची नेहमीची सूचनाच दडपली जाते. साठी-पासष्टी ओलांडलेल्या रुग्णासाठी अपघाताच्या जोराची अट सैल करावी, औषधांची चौकशी सक्तीची करावी आणि रक्तदाब तरुणांसाठी ठरवलेल्या मर्यादेखाली जाण्याची वाट पाहू नये, असे नियमात वेगळे लिहिले गेले पाहिजे.

घटनास्थळी सोनोग्राफी करून पुढच्या सांध्यातली फट मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते उपयोगी ठरतील तेव्हा ठरोत. आज त्यांच्यासाठी वेळ दवडण्यात अर्थ नाही. त्याहून कितीतरी अधिक उपयोग रुग्णालयाला वेळेवर केलेल्या एका फोनचा होतो. पेल्व्हिसच्या दुखापतीचा संशय, पट्टा बांधल्याची वेळ, नाडी, रक्तदाब आणि शुद्धीची अवस्था एवढे आधी कळले, तर रक्ताची तयारी, शस्त्रक्रियागृह आणि धमनी आतून बंद करू शकणारा तज्ज्ञ, यांची जुळवाजुळव रुग्ण रस्त्यात असतानाच सुरू होते. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाच्या बाबतीतही हेच. वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-2’ चाचणीने त्या औषधाने मृत्यू कमी होतात हे दाखवले, आणि नंतरच्या विश्लेषणातून तीन तासांनंतर ते दिल्यास लाभ राहत नाही, उलट अपाय होऊ शकतो, हेही पुढे आले. ते वेळेत द्यायचे तर संशय घटनास्थळीच घेतला गेला पाहिजे. आणि जवळचे रुग्णालय हे सगळे करू शकत नसेल, तर तिथे थांबून गेलेला तास परत मिळत नाही. कुठे न्यायचे, हा निर्णय देखील याच संशयाचा भाग आहे.

राहिला प्रश्न हिशेबाचा. संशयावर पट्टा बांधायचा म्हटले की अनेकांना तो विनाकारण बांधला जाणार, हे उघड आहे. ट्रॉमा सेंटरांच्या व्यवस्थेत हा सौदा पूर्वीच मान्य झालेला आहे: गंभीर रुग्ण नजरेतून सुटण्याचे प्रमाण 5 टक्क्यांखाली ठेवायचे असेल, तर गंभीर नसलेले 25 ते 35 टक्के रुग्णही मोठ्या केंद्रात येतील, हे अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या संघटनेने गृहीत धरले आहे. मग रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्याला विनाकारण बांधलेल्या पट्ट्याचा जाब विचारायचा आणि न बांधलेल्याची कुठे नोंदच ठेवायची नाही, ही आज सर्रास दिसणारी पद्धत उलटी करायला हवी. त्यासाठी रुग्णालयाने प्रत्येक संशयित रुग्णाचा सीटी स्कॅनचा निष्कर्ष, पट्टा कोणत्या पातळीवर होता याचे निरीक्षण आणि रुग्णाचे पुढे काय झाले याची माहिती त्याला आणणाऱ्या पथकाला काही दिवसांत लेखी कळवली पाहिजे, आणि ज्यांच्या बाबतीत संशयच घेतला गेला नाही पण अस्थिभंग निघाला, अशा रुग्णांची यादी दर महिन्याला दोन्ही बाजूंनी एकत्र बसून तपासली पाहिजे.